बांधीतली नक्कल

(कारधा. खुशबूचं माहेर. सासू कौशल्याबाई, नवरा भूपेंद्रची आई, तिला न्यायला आली आहे. कौशल्याबाई भाताच्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, रोवणी करणाऱ्या बायांची टोळी चालवते.)

कौशल्याबाई : ...अन् बाया म्हणतात, खुशबूशिवाय रोवणी सुनी लागते. चाल माय, कपडे भर.

खुशबू : मी नाई येत, आई.

कौशल्याबाई : अवं, दवाखान्यातून सुट्टी होऊन किती दिवस झाले! भूपेंद्र धड जेवत नाई. लोकं मलेच विचारून राहिले. बाईचं पोटातलं लेकरू जाते एखाद्या वेळी. माझंही गेलं होतं. मी दुसऱ्याच हप्त्यात भाताचे परे रोवाले गेली.

खुशबू : त्याच्यासाठी नाई बसली मी इथं.

कौशल्याबाई : मंग कायले?

खुशबू : त्या दिवशी सकाळपासूनच कळा येऊन राहिल्या होत्या. तुमी माझ्या बाजूलेच रोवत होत्या.

कौशल्याबाई : तं बोलाचं होतं ना! टोळी माझी, सून माझी. कोणाच्या बापाले विचारलं नसतं, तशीच उचलून नेली असती. काहून नाई बोलली?

खुशबू : आदल्या दिवशी टोळीतली चंद्रकलाबाई बोलली, कंबर धरली म्हणून. तुमी कंबरेवर हात ठेवून तिच्यावानी कण्हत चिखलातून चालून दाखवलं. सर्व्या बाया हसल्या. मीही हसली.

कौशल्याबाई : अवं, तो मजाक! हसत हसत बांधी उरकते. इतक्या वर्षांपासून मी बाया हसवूनच चालवल्या. आपल्या पवनीकडं माझ्यासारखी टोळी दाखव कोणाची.

खुशबू : चंद्रकलाबाई बांधाआड जाऊन रडली. साऱ्या टोळीले माहीत आहे, तुमालेच नाई. मले वाटलं, बोलली तं उद्या माझी नक्कल करतील. म्हणून ओठ दाबून रोवत राहिली. बांधीतलं पाणी लाल झालं, ते चंद्रकलाबाईनंच पाह्यलं.

कौशल्याबाई : मी तुले हसली असती का वं?

खुशबू : मले नाई माहीत.

कौशल्याबाई : असं नको बोलू. मले समजलंच नाई, बेटा. पाया पडतो तुझ्या. माझाही जीव तुटते. नातू होता तो माझा.

खुशबू : रडू नका, आई.

कौशल्याबाई : रडू तं दे.

खुशबू : कवापासून तुमच्या तोंडाकडं पाहून राहिली मी. तुमी खरंच रडून राहिल्या का करून दाखवून राहिल्या, मले कळतच नाई.