बोंबील खाणारा परदेशी बोकड

ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट, मी बोईसरला जनावरांच्या दवाखान्यात होतो. शेळ्यांची जात सुधारायला परदेशातून बोकड आला. आम्ही दीडशहाण्यांनी तो नवापूरला मासळीवाल्या काशीबाईकडे ठेवला.

वर्षाने तिकडचा साहेब पाहायला आला. बघतो तर बोकड वाळत घातलेले बोंबील ओढून खातोय!

"बोकड बिघडवलात! परत नेतो," साहेब कडाडला. मी काशीबाईला ते मराठीत सांगितलं.

"आला तवा हाडं दिसत व्हती," काशीबाई म्हणाली. "आदी जेवा तरी." तिनं बोंबलाचं ताट पुढं केलं.

साहेबानं हात जोडले. शाकाहारी निघाला!

काशीबाई माझ्याकडे वळली. "बोकड हितंच ऱ्हाऊ दे. ह्याला परत धाडा!"

"काय म्हणाली?" साहेबानं विचारलं.

म्हटलं, "बोकड छान रुळलाय म्हणते."