पत्रकातून गाळलेले दोन शब्द

आदरणीय अध्यक्ष श्यामकांत विजयकर, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण दादरच्या या सभागृहात जमलो ते मनमोहनराव तळपदे, आणि कारखान्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

परळच्या उपकरण विभागात चार वर्षं मी मनमोहनरावांच्या हाताखाली काम केलं. त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलंय. बोलते. पण सगळेच गोड नाहीत, तेवढं ऐकून घ्यावं.

आपली माणसं शिवडीला तेलाच्या टाक्यांत उतरतात. आत वायू साचलाय का हे सांगणारी आपली जुनी पेटी आठवते? दोघांनी उचलायची! रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हच्या ऍम्प्लिफायरला बॅटरीच तेवढी लागे. मनमोहनरावांनी खटपट करून ट्रान्झिस्टर मिळवले आणि टॉर्चच्या सेलांवर चालणारा ऍम्प्लिफायर बसवला. वायू लागला की आतल्या तारेत होणारा बदल मुंगीच्या पावलाएवढा. तो मोठा करून काट्यापर्यंत पोहोचवायचा, तोही एवढ्याशा विजेवर. पेटी खांद्याला अडकवून माणूस शिडी उतरू लागला. टाकीवरच्या शिवा परबनं तेव्हा विचारलं होतं, "सायबानु, मुंबई म्हाराष्ट्राक मिळासर ह्ये सेल टिकतले मा?"

साहेब म्हणाले, "सेल टिकतील रे, मोर्च्यात तू घसा टिकव."

पेटीची खोड एकच. उन्हात ट्रान्झिस्टर तापला की काटा उगाच सरकायचा. मग स्क्रू फिरवून तो शून्यावर आणायचा. पण वर, उतरण्याआधी. मनमोहनरावांनी सांगितलेलं वाक्य होतं, 'काटा सरकल्यास मोकळ्या हवेत शून्यावर आणावा.' सूचनांचं पत्रक मी लिहिलं. मजकूर एका पानात बसेना. मी 'मोकळ्या हवेत' गाळलं. वाटलं, एवढं कोणाला कळणार नाही?

गेल्या वर्षी शिवा टाकीत शुद्ध हरपून शिडीवरून पडला. कमरेचं हाड मोडलं. इस्पितळात मी त्याच्या खाटेशी बसले होते. तो म्हणाला, "बाई, सेल वाचवूक मी खाली जावन पेटी चालू केलंय. काटो सरकलेलो. तुमच्या कागदात होता, म्हणान शून्यार हाडलंय."

म्हणजे काटा उन्हानं नव्हे, वायूनं सरकला होता. पेटी ओरडून सांगत होती, आणि माझ्या वाक्यानं तिचं तोंड दाबलं.

दुसऱ्या दिवशी हे मी मनमोहनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "सरोजिनीबाई, तुमची नेमणूक अजून कायम नाही. पदरी दोन मुली. माझं तर एक वर्ष उरलंय. गप्प राहा." चौकशीत ते म्हणाले, "दोष माझ्या ऍम्प्लिफायरचा." अहवालात तेच आलं आणि सगळ्या पेट्या कपाटात गेल्या.

मनमोहनराव, हातानं खुणा करू नका. वर्षभर ऐकलं तुमचं.

मी कायम झाले. घरी पेढे वाटले. आणि आपली माणसं पुन्हा नाकाच्या भरवशावर टाकीत उतरू लागली. शिवा दुपारभर बीडीडी चाळीच्या गॅलरीत काठी घेऊन बसतो. मी गेले की माझी चौकशी करतो. मी कोणाला वाचवत होते, सांगा बरं? एका सज्जन माणसाच्या उपकारापायी इतक्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा मला काय अधिकार होता?

अध्यक्षमहाराज, झालं तसं मी लिहून सही केली आहे. हा कागद घ्या. ऍम्प्लिफायर निर्दोष आहे. चूक माझ्या पत्रकात आहे. नोकरीचं काय करायचं ते आपण ठरवा.

कार्यकारी मंडळींनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. मनमोहनराव, तुमच्या निरोपाचा दिवस मी असा करून टाकला. भाषणात जे अधिकउणं झालं ते पदरात घ्यावं. त्या दोन शब्दांची चूक मात्र कोणी पदरात घेऊ नये. मागच्या रांगेत टाकीवरचा लवू बसलाय. उद्या सकाळी सातला तो टाकीत उतरणार आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती आज, इथेच, त्याच्या हातात द्यावी.