काका, शंकरपट आणि गणिताचा पेपर

माझ्या शिक्षणाची वाट काकानं लावली, हे आधीच सांगतो. गावातली बैलांची शर्यत, म्हणजे शंकरपट, आणि माझा दहावीचा गणिताचा पेपर एकाच दिवशी आले.

काका म्हणाला, "पेपर काय, ऑक्टोबरले देजो. छकडा हाकायले तुह्यासारखा हलका पोट्टा मी कुठून आणू?"

मी गेलो. बैल जोरात पळावेत म्हणून काकानं सकाळीच त्यांना दारूसाठी भिजत घातलेला मोह चारला होता. झेंडी पडली, शेजारची जोडी सुटली आणि आमचे दोन्ही बैल आरामात खाली बसले.

"काका, हे तर झिंगले."

"बैल बरोबर आहेत. तुलेच हाकता येत नाई," काका चारचौघांत म्हणाला.

ऑक्टोबरात पट नव्हता, पण काकाच्या धानाची कापणी निघाली. गणिताचा पेपर मी अजून दिलेला नाही.