पाच दुमडींचा स्वेटर

माझा जन्म चामराजपेटेतला, शिंप्याच्या घरातला, म्हणजे काय सांगू तुम्हाला, पाळण्यात होते तेव्हापासून कानात मिशनचा आवाज, अप्पा पुढच्या खोलीत शिवायचे आणि आम्ही सहा जणं मागच्या खोलीत जेवायचो, भांडायचो, निजायचो, सगळं तिथंच. आजा सोलापूरकडून आला म्हणे, पण ते गाव आम्ही कुणी बघितलं नाही, आमचं गाव हेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. माझा एक डोळा तिरळा, म्हणून लग्न काही जमेना, बघायला यायचे, पोहे खायचे, कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. मग मी बोम्मसंद्र्याला स्वेटरच्या फॅक्टरीत लागले, चेकिंगला. तिरळी बाई आणि चेकिंगला, हसतेत लोक, पण माझ्या हातून चुकीचा पीस कधी सुटला नाही बघा. सुटलेला टाका, जास्तीचा टाका, कुठं लोकर चढून बसलेली, लाल स्टिकर लावायचा आणि बाजूला टाकायचा. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्यानं माणूस कसा होतो ते मला तेव्हा कळत नव्हतं.

पस्तिसाव्या वर्षी लग्न झालं. यांची पहिली बायको शालिनी, ती वारून दोन वर्षं झालेली, पोटात गाठ होती तिच्या, आणि पाठीमागं सात वर्षांची पोर, अश्विनी. यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला काही नको, पोरीला आई पाहिजे. मी म्हणलं, सरी, म्हणजे बरं. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं, मी तर आई हा शब्द ऐकायलाच आले होते त्या घरात, खोटं कशाला बोलू.

पोर पहिले सहा महिने मला अहो म्हणायची. अहो, पाणी द्या. अहो, वेणी घाला. मग एकदा तिला ताप आला, तीन दिवस मी तिच्या उशाशी होते, कामावर गेले नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी तिनं आई म्हणून हाक मारली, मी गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं, जाऊ दे म्हणलं, उतू जाऊ दे.

आता स्वेटरचं सांगते. शालिनीनं दवाखान्यात पडल्या पडल्या पोरीसाठी एक स्वेटर विणला होता, निळ्या लोकरीचा. थंडी असो नसो, पोर तो अंगातून काढायची नाही. पण घट्ट झालेला, मनगटं उघडी, पोट उघडं, आणि आतून अंगाला काचायचा, कमरेवर आणि दंडावर तिच्या लाल वळ उठायचे. मी तो उलटा करून बघितला तर मला काही कळेना. शिवण कुठंच नाही. पुढचा भाग, पाठ, बाह्या, आपण वेगळं विणतो आणि जोडतो की नाही, तसं नाही, गळ्यापासून सुरू केलेला आणि एकसंध खाली आणलेला, बाही खांद्यातूनच कशी फुटली ते दिसेना, आणि आत कमरेला पाच आणि प्रत्येक बाहीला पाच अशा उंच उंच वळकट्या, पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेल्या. मी आठ दिवस तो उलटसुलट करत होते. फॅक्टरीतल्या मास्तरला दाखवला, तो म्हणाला, अक्का, हे विणणारी नवीन होती, जास्त झालेलं आत दाबलंय. मलाही तेच वाटलं. वाटलं काय, मला बरंच वाटलं, आता तुमच्यापासून काय लपवायचं, की त्या बाईला येत नव्हतं आणि मला येतंय.

मग पोर शाळेत गेल्यावर मी तो उसवला. मनात वाईट काही नव्हतं, तिच्या आईचीच लोकर, तिच्या मापाचा नवीन करून देऊ, वळ तरी उठणार नाहीत. खालून धागा ओढला आणि सरसर निघत गेला, पांढरे दोरे गळून पडले ते मी केरात टाकले. गुंडाळताना बघते तर लोकर थोडी विटकी, मग थोडी कोरी निळी, मग परत विटकी. दोन दुकानातली घेतली असेल म्हणलं. आणि गुंडा केवढा, एवढ्याशा स्वेटरला एवढी लोकर लागतच नाही, हे मला, अकरा वर्षं तेच हातात धरणारीला, कळायला नको? तरी मी थांबले नाही. चार दिवसात नवीन विणला, पुढचा भाग, पाठ, बाह्या, शिवण सरळ, एक टाका चुकीचा नाही, आणि निम्मी लोकर उरली.

पोरीनं तो घातला. खांदे स्वल्प जड झालेत म्हणाली, पण आई म्हणूनच म्हणाली. रडली नाही. मला वाटलं, निभावलं.

मग संक्रांतीला गिरिजाक्का आल्या. त्या पूर्वी आमच्या शेजारी राहायच्या, शालिनीच्या उशाशी बसलेल्या बाई, नंतर मुलाकडे होसकोट्याला गेल्या होत्या. तिळगूळ दिला, पोरीला जवळ घेतलं आणि विचारलं, काय गं, आईनं केलेल्या स्वेटरचे किती दोरे काढले? मी म्हणलं कसले दोरे. तर म्हणाल्या, अय्यो, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? अहो, परकराला दुमड घालतो की नाही, पोर वाढली की एक उसवायची, तशा तिनं लोकरीत घातल्या होत्या, पाच. दर दिवाळीला एक दोरा ओढायचा. मला म्हणाली होती, अक्का, पोर दहा वर्षांची होईस्तोवर तरी माझ्या हातचं तिच्या अंगावर राहील.

मी शिंप्याची पोर. दहा वर्षांची असल्यापासून किती परकरांना त्या दुमडी घातल्या असतील मी. पण लोकरीत कोण घालतं हो, कुणी ऐकलं तरी आहे का?

पोर तिथंच बसलेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, नुसतं बघितलं. स्वेटर काढला, घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवला आणि बाहेर गेली. त्या दिवसापासून आई नाही. अहो पण नाही. कुठलीच हाक नाही, समोर येऊन उभी राहायची आणि बोलायला लागायची.

मी तो परत तसाच विणायला गेले नाही असं नाही. दर रविवारी सुया घेऊन बसायची. दुमडी जमल्या, पण खांद्यातून बाही कशी काढली होती तिनं, ते डोक्यात शिरेना, विणायचं आणि उसवायचं, लोकर तुटायला आली. शालिनी, तू मरायला टेकलेली बाई, पडल्या पडल्या हे कसं केलंस गं, असं मी तिच्या फोटोला विचारायची. शेवटी जुळलं. हाताला एकदम कळलं, आणि मी बसल्या जागी रडले, कारण पोर तेव्हा तेरा वर्षांची होती, पाचही दुमडी सोडल्या तरी तिच्या अंगाला येणार नव्हता.

आता हे गेले, चार वर्षं झाली. अश्विनी नोकरी करते, लग्न झालंय, नवरा चांगला आहे. ती माझं काही कमी करत नाही हं, तसं लिहू नका. मागच्या महिन्यात माझा मोतीबिंदू काढला, तर रजा टाकून आली, आठ दिवस दर चार तासांनी डोळ्यात थेंब घातले, हात इतका हलका तिचा. दवाखान्यात फॉर्म तिनंच भरला. मला दिसत नव्हतं, पण काउंटरवरची मुलगी मोठ्यानं वाचत होती, नाव, वय, पत्ता, आणि म्हणाली, मॅडम, पेशंटशी नातं लिहायचं राहिलंय, आई ना? अश्विनी म्हणाली, वडिलांची बायको लिहा.

खरं तेच सांगितलं तिनं. मग माझा हात धरून मला आत घेऊन गेली, पायरी आहे, जपून म्हणाली. देव तिला सुखात ठेवो.