मागच्या गेटवरचा रखवालदार

भाची : “सूत्र म्हणजे नाव न छापण्याच्या बोलीवर बातमी देणारा माणूस.” जमलंय ना, मामा? उद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचंय. सरांनी वीस शब्द आणि दहा प्रश्न तयार ठेवायला सांगितलेत. नऊ झाले.

मामा : आधी माझी बटणं लाव, मग तुझी पत्रकारिता.

भाची : सरळ उभा राहा की. दोन बातमीदार भेटणार आहेत. त्यातल्या एकांना गोदामातल्या खुनाच्या बातमीसाठी बक्षीस मिळालंय.

मामा : उंच आहे? बोलताना पेन चावतो?

भाची : तू कसा ओळखतोस त्यांना?

मामा : हमालाला मारलं ते मीच पाहिलं होतं. मुकादम आणि त्याची दोन माणसं, हातात पहार. पहिल्या फटक्यात गुडघा फोडला. तो रांगत माझ्या गेटकडे यायला लागला, तशी डोक्यात घातली. मी सगळं त्या बातमीदाराला सांगितलं. म्हणाला, नाव छापणार नाही, शब्द देतो.

भाची : म्हणजे सूत्र तू होतास? मग तुझा हात त्यापायीच गेला? आई तर म्हणाली होती, यंत्रात सापडला.

मामा : तू चौथीत होतीस. तिने दुसरं काय सांगायचं?

भाची : त्याने तुझं नाव फोडलं?

मामा : छे. शब्दाला जागला. छापलं, “मागच्या गेटवरच्या रखवालदाराने सांगितलं.”

भाची : आणि मागच्या गेटवर?

मामा : मी एकटाच. बातमी आली त्याच दुपारी तिघं आले. माझा हात गेटच्या फटीत धरला आणि लोखंडी गेट ओढून लावलं. चार वेळा. दर वेळी मुकादम विचारायचा, आता कुठलं बोट दाखवशील?

(ती बटण अर्धवट सोडून वही मिटते.)

भाची : मी नाही जात उद्या. गेले तर वही त्याच्या थोबाडावर मारीन.

मामा : मारामारी पुष्कळ झाली. उघड ती वही. दहावा प्रश्न लिही. मागच्या गेटवर रखवालदार किती असतात, हे छापण्याआधी तुम्ही विचारलं होतं का?

भाची : लिहिला. आणि त्याने विचारलं, तुला हे कुणी सांगितलं, तर? सूत्रांनी, म्हणू?

मामा : नको. माझं नाव सांग. आडनावासकट.