दप्प हग्गा, सण्ण हग्गा?

अहो, आमच्या पुण्याच्या भाऊजींना दोरांतलं सगळंच कळायचं. हेब्बाळच्या तळ्यावर मित्राची होडी बांधायची होती. नायलॉन तेव्हा नुकतंच आलेलं, म्हणून भाऊजींनी ते आधीच बाद केलं. “काथ्याचाच हवा, आणि मीच निवडणार,” म्हणत ते दुकानात गेले. मी गुडघाभर पाण्यात होडी धरून उभा.

भाऊजी रिकाम्या हातानं, लालबुंद होऊन परतले.

“निर्लज्ज आहे तुमचा दुकानदार! दोर मागितला, तर म्हणतो, ‘दप्प हग्गा, सण्ण हग्गा?’”

“भाऊजी, कन्नडात दोराला हग्ग म्हणतात. जाड हवा की बारीक, एवढंच विचारलं त्यानं. तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, सकाळीच झालं म्हणून!”

हे ऐकल्यावर होडी कोण धरून ठेवणार!