वस्तादांनी डोक्यावर ठेवलेला हात

गौराकाकू, तालमीतले पैलवान, माझ्या कराटेच्या वर्गातली पोरंपोरी, आणि अणदूरची जमलेली सगळी मंडळी.

माइक हातात आहे. आमचे मल्लाप्पा वस्ताद समोर फोटोत बसलेत, हार घालून. जिवंतपणी या माणसानं गळ्यात हार टिकू दिला नाही. घातला की लगेच काढून कुठल्यातरी पोराच्या गळ्यात!

काकू, तुमचे धनी गेलेत, रडू नका असं मी म्हणणार नाही. पण मी इथं रडायला उभा नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मी किती वर्षं तडफडतोय! वस्तादांनी शपथ घातली होती. "मिलिंदा, मी हाय तवर तोंड उघडायचं न्हाय." आता मी मोकळा झालो. असं मोकळं व्हायला नको होतं.

खंडोबाच्या यात्रेतला तो कुस्त्यांचा फड आठवतो ना तुम्हाला? तेव्हा गावात एकच वाद होता. कुस्ती भारी का कराटे भारी? हॉटेलात तेच, पारावर तेच. मी नुकताच वर्ग काढलेला, तोंडाचा पट्टा चालू. म्हणायचो, पैलवान जवळ यायच्या आत माझी लाथ पोचते! वस्ताद म्हणायचे, "पोचू दे की. परत कशी नेतो ते बघू."

शेवटी पंचांनी आमची जोड लावली. साठीला टेकलेले वस्ताद आणि मी. पोरांच्या बापांनी सांगून टाकलं, जो जिंकेल त्याच्याकडं आमची पोरं. म्हणजे मी पडलो तर माझा वर्ग त्याच दिवशी बंद!

हलगी कडाडत होती. मी पांढरा ड्रेस घालून मातीत उतरलो. आमच्या कराटेत लढायच्या आधी समोरच्याला वाकून मान द्यायची रीत. तसा मी कमरेत वाकलो. आणि वस्तादांनी काय केलं? पुढं आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला! "आरं, पाया कशाला पडतूस? औक्षवंत हो!" मग पंचांकडं वळून म्हणाले, "पाया पडला त्यो माझा पठ्ठा झाला. पठ्ठ्याची पाठ वस्ताद मातीला लावत न्हाय. ही कुस्ती व्हायची न्हाय."

सगळा फड हसून हसून लोळला. पुढं बसलेले तुम्ही बरेच जण हसला होतात. म्हाताऱ्याला कराटेचा नमस्कार कळला न्हाय! आजही बाहेर चपला काढताना कुणीतरी हेच सांगत होतं.

मंडळी, ते खोटं आहे. साफ खोटं आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तालमीत बोलावलं. दार आतनं लावून घेतलं. "मार आता लाथ. हातचं राखू नको." मी मारली. जीव खाऊन मारली, आणि लागली हो! मांडीवर अशी बसली की आवाज घुमला. पण पाय परत आलाच नाही. त्यांनी तो काखेत धरलेला! बुक्की मारायला गेलो तर ते इतके चिकटलेले की हात उगारायला जागा नाही. पुढच्या श्वासाला मी तांबड्या मातीत, पाठ टेकलेली, वर तालमीचे पत्रे. हलता येईना. आणि गंमत सांगू? कुठं दुखतही नव्हतं! "साकु?" म्हणाले. त्यांची कानडी, पुरे का? मी ओरडलो, साकु, वस्ताद, साकु!

काय विद्या आहे ही! मारणाऱ्याला अंतर लागतं. धरणारा ते अंतरच खाऊन टाकतो. एकदा पकड बसली की समोरच्याच्या लाथाबुक्क्या घरी ठेवल्यासारख्या. कराटेवाला असून सांगतो. दोघंतिघं अंगावर आले तर काय, हेही मी विचारलं. म्हणाले, "मग पळायचं. एकाला धरून बसलो तर दुसरा डोस्क्यात घालंल की." तिथं मात्र वस्तादही धरा म्हणाले नाहीत!

अंगावरची माती झटकता झटकता मी विचारलं, वस्ताद, हेच काल चार लोकांत का नाही केलं?

ते लंगडत होते आणि हसत होते. "रोज सांजच्याला शाळेच्या भिंतीपल्याडनं तुझा वर्ग बघतो मी. तुमचं ते वाकणं मला ठावं न्हाय व्हय? आरं, तुला पाडला असता तर पोरं आली असती माझ्याकडं. तुझ्याकडल्या पोरी कुठं गेल्या असत्या? त्यास्नी कोण तालमीत धाडतंय? घरी बसल्या असत्या."

ऐकलंत काकू? आयुष्यभर फड गाजवलेला माणूस. गावानं त्याला अडाणी ठरवलं, आणि त्यानं ठरवू दिलं. आमच्या पोरींसाठी. त्या पोरी आज मागं उभ्या आहेत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतेय, कुणी स्वतः शिकवायला लागलीय. पोरींनो, तुमचा वर्ग मी नाही राखला गं. यांनी राखला!

आता सगळे उभे राहूया. हलगी नको, शड्डू नको, थोडा वेळ नुसते शांत राहूया.

वस्ताद, त्या दिवशी मी नुसता वाकलो होतो. आज पाया पडतोय.